छोट्या गाडीच्या लोअर आर्मचे बुश घरी कसे बदलावेत

गतिरोधकावरून गाडी सावकाश उतरवली तरी पुढच्या चाकाकडून 'टक' असा आवाज येतो, ब्रेक दाबताच स्टिअरिंग किंचित एका बाजूला ओढते, आणि अलाइनमेंट करून फार दिवस होत नाहीत तोच टायरची आतली कड पुन्हा झिजू लागते. अशा वेळी पहिला संशय बहुधा शॉक ॲब्सॉर्बरवर घेतला जातो. तो बदलून झाला तरी आवाज कायम राहतो, कारण दोष अनेकदा त्याहून कितीतरी स्वस्त भागात, म्हणजे चाकाला खालून गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या लोअर आर्मच्या टोकांना बसवलेल्या रबरी बुशमध्ये असतो. हे बुश बदलण्याचे काम कष्टाचे असले तरी अवघड नाही, आणि थोडी हत्यारे व सपाट जागा असलेल्या माणसाला ते घरी नीट करता येते.

स्विफ्ट, आय१० यांसारख्या, पुढच्या चाकांना शक्ती देणाऱ्या आणि पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बर एकत्र असलेला उभा खांब) असलेल्या छोट्या गाड्या येथे गृहीत धरल्या आहेत. अशा गाडीचा लोअर आर्म साधारण इंग्रजी एल अक्षराच्या आकाराचा असतो. त्याच्या बाहेरच्या टोकाला बॉल जॉइंट (गोळ्यावर फिरणारा सांधा) असतो आणि आतल्या बाजूला दोन बुशांमधून तो सबफ्रेमला, म्हणजे गाडीखालच्या पुढच्या चौकटीला, जोडलेला असतो. समोरचा बुश लहान असतो आणि वळणावर येणारा आडवा जोर मुख्यतः तोच घेतो. मागचा बुश आकाराने मोठा असून ब्रेक मारल्यावर किंवा चाक खड्ड्यात आपटल्यावर मागेपुढे बसणारा धक्का पचवणे हे त्याचे काम असते.

बुशची रचना समजल्याशिवाय पान्याला हात लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. एकात एक अशा दोन लोखंडी नळ्या असतात आणि त्यांच्यामधले रबर दोन्ही नळ्यांना कायमचे चिकटवलेले असते. बाहेरची नळी आर्मच्या डोळ्यात, म्हणजे त्याच्या गोल भोकात, घट्ट दाबून बसवलेली असते, तर आतली नळी बोल्ट आवळल्यावर सबफ्रेमच्या दोन पत्र्यांमध्ये पकडली जाते आणि जागची हलत नाही. त्यामुळे चाक वरखाली होताना आर्म जो फिरतो तो बोल्टभोवती सरकत फिरत नाही, तर रबराला पीळ देऊन फिरतो. येथे घासणारा भाग नसल्यामुळे ग्रीसचाही प्रश्न येत नाही. हे एकदा मनात पक्के बसले की बोल्ट कोणत्या अवस्थेत आवळायचा, हा या कामातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आपोआप सुटतो.

दोष नक्की कोठे आहे

गाडी सपाट जागी उभी करून इंजिन बंद ठेवावे, एकाला आत बसवून ब्रेक दाबून धरायला सांगावे आणि दुसऱ्याने गाडी मागेपुढे ढकलावी. आपण बाजूला बसून पुढचे चाक आणि मडगार्डची कड यांच्यामधल्या फटीकडे पाहावे. मागचा बुश पूर्ण गेला असेल तर चाक त्या फटीत मागेपुढे सरकताना डोळ्यांना दिसते आणि बऱ्याचदा त्याच क्षणी आवाजही येतो. या तपासणीत कोणीही गाडीखाली शिरू नये.

पुढची तपासणी गाडी स्टँडवर घेऊन करायची असते. आर्म आणि सबफ्रेम यांच्यामध्ये टॉमी (लोखंडी पहार) घालून हलकेच उचकटावे आणि टॉर्चच्या उजेडात रबर पाहावे. रबराच्या पृष्ठभागावर केसासारख्या बारीक भेगा असणे हे वयाचे लक्षण आहे, तेवढ्यावरून बुश बाद ठरत नाही. मात्र रबर लोखंडी नळीपासून सुटलेले दिसले, भेग आरपार गेलेली असली किंवा आतली नळी मध्यभाग सोडून एका बाजूला सरकली असली, तर बुश बदलण्यावाचून पर्याय नाही. मागच्या बुशमध्ये चंद्रकोरीसारख्या दोन मोकळ्या फटी दिसल्या म्हणजे रबर फाटले, असा समज करून घेऊ नये. मागेपुढे थोडी लवचिकता मिळावी म्हणून त्या फटी मुद्दाम ठेवलेल्या असतात. काही गाड्यांत या बुशमध्ये द्रव भरलेला असतो, आणि त्याच्या आसपास काळपट ओल दिसली तर तो फुटला आहे असे समजावे.

'टक' आवाजाला दुसरेही दावेदार असतात, हे विसरू नये. बारीक खडबडीत रस्त्यावर सतत खडखड होत असेल तर स्टॅबिलायझर बारच्या (वळणावर गाडी कलू न देणाऱ्या आडव्या दांड्याच्या) टोकाला जोडलेल्या लिंक रॉडवर आधी संशय घ्यावा. ब्रेक मारताना आणि गाडी सुटताना एकेकदा जड ठोका बसत असेल तर लोअर आर्मचा बुश किंवा इंजिन माउंटिंग पाहावे. चाक वर-खाली धरून हलवल्यावर खेळ जाणवला तर बॉल जॉइंटही तपासायला हवा, कारण पुढचा निर्णय त्यावरच अवलंबून असतो.

नुसता बुश की पूर्ण आर्म

बॉल जॉइंटमध्ये खेळ असेल, त्याचे रबरी बूट फाटलेले असेल किंवा आर्मचा पत्रा गंजून पापुद्रे सुटत असतील तर बुश आणि बॉल जॉइंटसह तयार मिळणारा पूर्ण आर्मच घ्यावा. खर्च वाढतो, पण बुश दाबून काढण्या-बसवण्याचे सर्वांत कटकटीचे काम वाचते. कोकणच्या किनारपट्टीवर खाऱ्या हवेत वावरणाऱ्या गाडीसाठी मी हाच मार्ग सुचवीन. आर्म धडधाकट आणि बॉल जॉइंट घट्ट असेल तर नुसते बुश बदलणे पूर्ण योग्य आहे. दोन्हींपैकी काहीही केले तरी डाव्या आणि उजव्या बाजूचे काम एकत्रच करावे, कारण एका बाजूचे रबर नवे आणि दुसऱ्या बाजूचे ढिले राहिले तर ब्रेक मारताना गाडी ओढण्याची तक्रार तशीच राहते.

बाजारात पॉलियुरेथेनचे टणक बुशही मिळतात. त्यांची आतली नळी बहुधा मोकळी फिरते, त्यांना योग्य ग्रीस लागते आणि ते रस्त्याचा खडखडाट थेट गाडीच्या आत आणतात. रोजच्या वापराच्या गाडीत, विशेषतः आपल्याकडच्या रस्त्यांवर, मूळ प्रकारचे रबरी बुशच बसवावेत असे मला वाटते.

जागा, हत्यारे आणि आदल्या दिवशीची तयारी

फरशी सपाट आणि टणक असावी. सोसायटीच्या आवारात पेव्हर ब्लॉक खचलेले असतील किंवा उन्हाळ्यात डांबर मऊ झालेले असेल तर जॅक आणि स्टँडखाली जाड प्लायवूडचे रुंद तुकडे घ्यावेत. गाडीसोबत मिळणारा कात्रीचा जॅक फक्त चाक बदलण्यासाठी असतो. या कामाला दोन टनांचा हायड्रॉलिक जॅक आणि दोन भक्कम जॅक स्टँड लागतात. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली हातसुद्धा घालू नये, मग काम एका मिनिटाचे का असेना. विटा किंवा सिमेंटचे ठोकळे स्टँडऐवजी वापरू नयेत, कारण ते आधी कोणतीही सूचना न देता फुटतात.

याशिवाय अर्ध्या इंची चौकाचा सॉकेट सेट, लांब दांड्याचा पाना, टॉर्क पाना (किती जोराने आवळले ते दाखवणारा), टॉमी, हातोडा, तारेचा ब्रश, गंज सोडवणारा स्प्रे, व्हर्नियर, पांढरा रंग किंवा पेंट मार्कर, चष्मा आणि हातमोजे जवळ असावेत. आपल्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमधून आर्मचे बोल्ट, बॉल जॉइंट, लिंक रॉड आणि चाकाचे नट यांचे टॉर्कचे आकडे कागदावर उतरवून घ्यावेत. हे आकडे मॉडेलप्रमाणे बदलतात, त्यामुळे दुसऱ्या गाडीचा आकडा अंदाजाने वापरू नये.

आदल्या संध्याकाळी सगळ्या बोल्टची उघडी आटी तारेच्या ब्रशने साफ करून त्यावर स्प्रे मारून ठेवावा, आणि सकाळी काम सुरू करण्यापूर्वी पुन्हा एकदा मारावा. स्प्रे रबरावर आणि ब्रेक डिस्कवर उडणार नाही इतके जपावे. त्याच वेळी वाकून एक गोष्ट पाहून ठेवावी: समोरच्या बुशचा बोल्ट बाहेर काढायला पूर्ण लांबीची मोकळी जागा आहे का? काही गाड्यांत एका बाजूचा बोल्ट गिअरबॉक्सला किंवा माउंटिंगला अडतो, आणि ही अडचण सगळे खोलून झाल्यावर लक्षात येणे फार तापदायक ठरते.

आता मोजमाप. गाडी चारही चाकांवर, रिकामी आणि सपाट जागी उभी असताना पुढच्या चाकाच्या मध्यबिंदूपासून सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर टेपने मोजून दोन्ही बाजूंचे आकडे लिहून ठेवावेत. या दोन आकड्यांवर शेवटचे सगळे काम उभे आहे.

आर्म काढणे

चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल करावेत. हँडब्रेक ओढून मागच्या चाकांना पुढूनमागून लाकडी ओट लावावी आणि कंपनीने दाखवलेल्या जागीच जॅक लावून पुढचा भाग दोन्ही बाजूंनी उचलावा. इंजिनच्या ऑइल संपखाली जॅक कधीही लावू नये. गाडी दोन्ही स्टँडवर टेकल्यावर ती हाताने जोरात हलवून पाहावी आणि काढलेली चाके दरवाजाखालच्या उंबऱ्याच्या पत्र्याखाली आडवी सरकवून ठेवावीत. स्टँड निसटलाच तर गाडी चाकावर अडते. दोन्ही बाजू एकदम उचलण्याचे दुसरेही कारण आहे: एकच बाजू उचलली तर स्टॅबिलायझर बारला पीळ पडून राहतो आणि लिंक रॉड सोडताना तो झटका देतो.

लिंक रॉड आर्मला जोडलेला असेल तर तो आधी सोडवावा. मारुती ८००सारख्या जुन्या गाड्यांत स्टॅबिलायझर बारचे टोकच आर्ममधून आरपार जाते आणि आर्मला मागेपुढे सरकू न देण्याचे कामही तोच करतो. तेथे वॉशरांचा क्रम आणि त्यांची तोंडे यांचा फोटो काढल्याशिवाय नट खोलू नये.

त्यानंतर बॉल जॉइंट. काही गाड्यांत त्याचा दांडा नकलच्या (चाकाचा हब धरणाऱ्या भागाच्या) खाचेत घालून आडव्या बोल्टने आवळलेला असतो. हा बोल्ट दांड्याच्या खोबणीतून जातो, म्हणून तो नुसता सैल करून भागत नाही, पूर्ण बाहेर काढावा लागतो. मग टॉमीने आर्म खाली दाबला की दांडा सुटतो. दुसऱ्या प्रकारात दांडा निमुळता असून त्यावर नट असतो. तेथे नट शेवटच्या दोन आट्यांवर ठेवून नकलच्या डोळ्याच्या बाजूवर हातोड्याचे नेमके ठोके द्यावेत किंवा बॉल जॉइंट काढायचा पुलर लावावा. आटीवर ठोकू नये आणि रबरी बूटला टॉमी लागू देऊ नये.

बॉल जॉइंट सुटला की नकल मोकळा होतो. तो बाहेरच्या बाजूला ओढू नये, कारण त्यासोबत ड्राइव्ह शाफ्ट ताणला जाऊन त्याचा आतला सांधा निखळू शकतो. ब्रेकच्या रबरी नळीवर किंवा एबीएस सेन्सरच्या तारेवरही भार येता कामा नये, म्हणून नकल तारेने स्ट्रटला बांधून ठेवावा.

शेवटी सबफ्रेमचे बोल्ट. बोल्ट फिरतो पण त्यासोबत बुशची आतली नळीही फिरताना दिसते आणि रबर पीळ घेते, असे झाले तर बोल्ट नळीत गंजून धरला आहे असे समजावे. एकाच दिशेने जोर लावत राहिल्यास बोल्ट तुटतो. पाव फेरा सैल, पुन्हा तितकाच मागे, पुन्हा स्प्रे, असे धीराने करत राहावे. सबफ्रेमच्या आत वेल्ड केलेला नट फिरू लागला किंवा बोल्टचे डोके झिजले, तर तेथेच थांबून अनुभवी मेकॅनिकला बोलवावे. तेथून पुढे कटर आणि वेल्डिंगचे काम येते, आणि ते पेट्रोलच्या नळ्यांजवळ घरी करण्यासारखे नाही.

जुना बुश काढून नवा बसवणे

आर्म टेबलावर घेतल्यावर जुन्या बुशची दिशा आर्मवर रंगाने उतरवून घ्यावी. चंद्रकोरी फटी कोणत्या दिशेला आहेत आणि बुशवर बाण किंवा खूण असेल तर ती कोठे येते, हे फोटोतही आले पाहिजे. फटी उलट दिशेला गेल्या तर जेथे लवचिकता हवी तेथे बुश कडक होतो आणि जेथे कडक हवा तेथे लवचिक. बुशची कड आर्मच्या डोळ्याबाहेर किती मिलिमीटर येते, तेही दोन्ही बाजूंनी व्हर्नियरने मोजून ठेवावे.

जुना बुश दाबून काढण्यासाठी उत्तम साधन म्हणजे हायड्रॉलिक प्रेस. ती घरी नसते, पण बहुतेक गावांत लेथवाल्याकडे किंवा ट्रॅक्टर दुरुस्तीच्या गॅरेजमध्ये असते, आणि मोकळे केलेले आर्म तेथे नेले तर काम थोड्या वेळात होते. मी तरी हाच मार्ग पसंत करीन. घरीच करायचे असेल तर जाड आटीचा दांडा, दोन नट, जाड वॉशर, बुशच्या बाहेरच्या नळीपेक्षा किंचित लहान व्यासाची चकती आणि बुश आत मावेल इतक्या व्यासाचा पाइपाचा तुकडा लागतो. दांडा बुशमधून घालून एका बाजूला चकती आणि दुसऱ्या बाजूला पाइप ठेवून नट आवळत गेले की बुश पाइपात सरकतो. आर्म पत्र्याचे दोन भाग जोडून बनवलेला असल्यामुळे पाइपाची कड डोळ्याच्या अगदी लगत टेकली पाहिजे. दूर टेकल्यास डोळा वाकतो, आणि मग आर्म निकामी होतो.

बुश हलतच नसेल तर रबर ड्रिलने भोके पाडून काढावे आणि बाहेरच्या नळीला आतून हॅक्सॉ ब्लेडने एक उभा काप द्यावा. काप आर्मच्या डोळ्यापर्यंत जाऊ देऊ नये. नळी कापली की तिचा ताण सुटतो आणि ती सहज निघते. रबर जाळून काढण्याची पद्धत काही ठिकाणी दिसते, ती अजिबात वापरू नये, कारण धूर विषारी असतो आणि अति तापल्यास आर्मचे पोलादही कमकुवत होऊ शकते.

डोळा आतून स्वच्छ करून नवा बुश बसवताना त्यावर साबणाच्या पाण्याचा हलका हात फिरवावा. इंजिन ऑइल किंवा साधे ग्रीस लावू नये, कारण खनिज तेलाने रबर फुगते आणि मऊ पडते. बुश रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवावा असा सल्ला अनेकजण देतात. ४० मि.मी. व्यासाची लोखंडी नळी ३० अंशांवरून उणे १८ अंशांपर्यंत थंड झाली तर तिचा व्यास साधारण दोन शतांश मिलिमीटरने कमी होतो. तेवढ्याने बुश हाताने बसणार नाही, पण तो तिरका न होता सरळ सुरू होण्यास थोडी मदत होते. दाबताना जोर केवळ बाहेरच्या नळीच्या कडेवर यावा. रबरावर किंवा आतल्या नळीवर दाब दिला तर नवा बुश बसण्याआधीच फाटतो.

आवळण्याची योग्य अवस्था

आर्म जागी लावून सगळे बोल्ट आधी हाताने आटीत घ्यावेत, नंतर पान्याने केवळ खेळ जाईपर्यंत आणावेत आणि तेथेच थांबावे. बॉल जॉइंटचा दांडा पूर्ण वर बसला आहे आणि आडवा बोल्ट खोबणीतून आरपार गेला आहे, हे पाहून तो मात्र लगेच ठरलेल्या टॉर्कवर आवळावा. स्प्लिट पिन आणि नायलॉनचे नट नवे वापरावेत.

सबफ्रेमचे बोल्ट चाके लोंबकळत असताना पक्के आवळू नयेत. यामागचा हिशेब सोपा आहे. आर्मची लांबी ३०० मि.मी. आहे आणि गाडी स्टँडवर असताना त्याचे बाहेरचे टोक नेहमीच्या स्थितीपेक्षा ८० मि.मी. खाली गेले आहे, असे धरू. म्हणजे आर्म सुमारे १५ अंशांनी फिरला. या स्थितीत बोल्ट आवळला तर आतली नळी याच कोनात पकडली जाते. गाडी जमिनीवर आली की नुसती उभी असतानाही रबराला १५ अंशांचा कायमचा पीळ राहतो आणि खड्ड्यात चाक वर उचलले गेले की पीळ आणखी वाढतो. जे रबर मध्यस्थितीपासून दोन्ही बाजूंना थोडेथोडे वळायला बनवले आहे, ते एकाच बाजूला सतत ताणले जाते आणि लवकर फाटते. नवे बुश थोड्याच दिवसांत गेले, माल खराब निघाला, अशा तक्रारींच्या मागे पुष्कळदा हेच कारण असते.

म्हणून बॉल जॉइंटजवळ आर्मच्या भक्कम भागाखाली लाकडाचा तुकडा देऊन जॅक लावावा आणि आर्म हळूहळू उचलावा. आधी लिहून ठेवलेले अंतर येथे कामी येते. चाक काढलेले असल्यामुळे हबच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत टेप धरावा आणि आकडा जुळेपर्यंत जॅक वाढवावा. आकडा जुळण्याच्या सुमारास गाडीचा भार स्टँडवरून जॅकवर येऊ लागतो, त्यामुळे गाडी स्टँडवरून सुटत नाही ना, याकडे एकाने लक्ष ठेवावे. आकडा जुळण्याआधीच गाडी उचलली जाऊ लागली तर जॅक थांबवून खाली घ्यावा आणि चाके लावून गाडी भक्कम रॅम्पवर चढवावी. तेथे पूर्ण वजन चाकांवर असताना, मागच्या चाकांना ओट लावून, बोल्ट आवळता येतात. दोन्ही बोल्ट टॉर्क पान्याने ठरलेल्या आकड्यापर्यंत आणून बोल्टचे डोके आणि सबफ्रेम यांच्यावर एकच सलग पांढरी रेघ ओढावी.

स्टॅबिलायझर बारचे बुश

गाडी उचललेलीच आहे तर हेही पाहून घ्यावेत. सबफ्रेमवर बार धरणारे हे रबर एका बाजूने चिरलेले असते, त्यामुळे कंस काढला की ते हाताने उघडून निघते. चीर मूळ दिशेलाच ठेवावी, बार पुसून कोरडा करावा आणि कंसाचे दोन्ही बोल्ट आलटून पालटून आवळावेत.

रस्त्यावर नेण्यापूर्वी आणि नंतर

चाके लावून नट आडव्या-तिडव्या क्रमाने हाताने बसवावेत आणि गाडी खाली आल्यावर टॉर्क पान्याने आवळावेत. बऱ्याच छोट्या गाड्यांत हा आकडा ८५ ते ११० न्यूटन मीटरच्या दरम्यान असतो, तरी मॅन्युअलमधला आकडाच प्रमाण मानावा. स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवून ब्रेकची नळी आणि सेन्सरची तार कोठे अडकत नाही हे पाहावे. पहिली फेरी मोकळ्या रस्त्यावर, कमी वेगाने घ्यावी आणि दोन-तीन वेळा ब्रेक मारून गाडी सरळ थांबते का ते तपासावे.

स्टिअरिंग थोडे तिरके वाटले तरी घाबरू नये. नव्या बुशांमुळे आर्मची जागा किंचित बदलते आणि चाकांचा टो (चाके आत किंवा बाहेर वळलेली असण्याचा कोन) बिघडतो, म्हणून त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी व्हील अलाइनमेंट करून घ्यावी. ती टाळली तर बुशवर वाचवलेले पैसे टायरवर जातात. साधारण १०० कि.मी. चालल्यावर चाकांचे नट पुन्हा टॉर्क पान्याने तपासावेत आणि टॉर्चच्या उजेडात पांढऱ्या रेघा पाहाव्यात. रेघ दुभंगलेली दिसली तर बोल्ट सरकला आहे. तसे असेल तर गाडी पुन्हा उचलून, आर्म त्याच मोजलेल्या उंचीवर आणून, तो बोल्ट नवा घालून आवळावा.